तीन किलोंचा हिशोब

मित्राने नवी रायफल घेतली होती. पेटीतून काढून त्याने ती माझ्या हातात दिली, तेव्हा रिकामी बादली भरलेली समजून उचलावी तसा माझा हात नको तितका वर गेला. तो हसला. येईल त्याच्या हातात ती देऊन हाच चेहरा बघायची त्याला हौस लागली असावी. स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, धरूनही वजन तीन किलोंच्या आत. काळपट राखाडी कार्बनचा दस्ता, बोटांना किंचित खरखरीत लागणारा, गार नाही की उबदार नाही. काडतूस नळीत सरकवणाऱ्या बोल्टच्या अंगावरसुद्धा वजन वाचवायला कोरलेल्या खाचा. टोकाकडे बारीक होत गेलेली नळी. आम्ही रेंजवर गेलो. त्याने बेंचवर वाळूच्या पिशव्या मन लावून रचल्या आणि शंभर मीटरवरच्या कागदावर तीन बार काढले. तिन्ही भोकं दोन बोटांखाली झाकली जातील इतकी जवळजवळ. मी म्हटलं, "आता पाच-सहा उभ्याने मार की." त्याने उजवा खांदा चोळला, कानावरचे मफ उतरवले आणि म्हणाला, "बास रे. नेम बसलाय. उगाच कशाला?" पेटी बंद झाली. काडतुसांचा डबा जवळजवळ भरलेलाच परत गेला.

त्याचं ते "उगाच कशाला" मला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं. मीही त्याच सुमारास हलक्या रायफलीच्या शोधात होतो. कागदावर वजनं उतरवून घेत होतो, या दस्त्यात किती ग्रॅम वाचतात आणि त्या नळीत किती, असली बेरीज-वजाबाकी रात्री उशिरापर्यंत चालू असायची. आणि इथे, माझ्या यादीतल्या सगळ्यांपेक्षा हलकी रायफल ज्याच्याकडे होती, त्या माणसाला ती चालवायची इच्छाच उरली नव्हती. खांद्यावरून न्यायला मात्र तो एका पायावर तयार होता.

हलकेपणाची ओढ खोटी आहे असं मी म्हणणार नाही. डोंगरात हिंडून शिकार करणाऱ्याला ती लागतेच. मचाणावर किंवा आडोशाला बसून वाट बघणाऱ्याला रायफल चार किलोंची असो की पाच, फारसा फरक पडत नाही. गाडीतून उतरून बसायच्या जागेपर्यंत नेली की संपलं. चढणाऱ्याचं गणित वेगळं. पाठीवरच्या पिशवीचं ओझं दोन्ही खांद्यांवर आणि कमरेवर वाटलं जातं, त्याची सवय होते. रायफल एका बाजूला लटकते. पट्टा घसरतो, तो सावरायला आपण नकळत एक खांदा उचलून चालायला लागतो, आणि तासाभराने मानेच्या मुळाशी एक बारीक कळ बसते ती रात्री झोपेपर्यंत हलत नाही. घसरडीवर तर ती हातातच घ्यावी लागते, आणि मग धरायला एकच हात उरतो. मागे मी जी रायफल वाहायचो ती अक्रोडाच्या दस्त्याची, जाड नळीची, स्कोप-पट्ट्यासकट साडेचार किलोंच्या आसपास जाणारी. सकाळी तिचा अभिमान वाटायचा. दुपारी ती कोणीतरी मागून ओढतंय असं वाटायचं. शेवटच्या चढानंतर छातीचा भाता चालू असताना, मांड्या थरथरत असताना स्कोपमधून बघितलं की उभी-आडवी रेघ सावजाच्या अंगावरून गवतावर, गवतावरून दगडावर फिरत राही. म्हणजे ओझं कमी असणं हाही नेमाचाच भाग झाला. दमलेला माणूस वाईट मारतो, आणि त्याहून वाईट म्हणजे दमल्यावर तो निर्णयही वाईट घेतो. अजून शंभर पावलं जवळ जायला हवं असतं, पण "इथूनच बघू" असं पाय ठरवतात.

एक जण मला म्हणाला होता की अर्धा किलो रायफलीतून काढण्यापेक्षा पोटावरून काढ, ते फुकट आहे. त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण पोटावरचं वजन निवांत बसून निवडता येत नाही, रायफल येते.

शोधात पहिली गोष्ट कळते ती ही की माहितीपत्रकातलं वजन म्हणजे उघड्या, रिकाम्या रायफलीचं वजन. ते अडीच किलो वाचून जीव हरखतो. मग त्यावर स्कोप चढतो. बेताचा, ३३ किंवा ३६ मिलिमीटर भिंगाचा घेतला तर तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. आणि अंधुक उजेडात फार चांगलं दिसतं म्हणून ५६ मिलिमीटरचा घेतला तर सातशे ग्रॅम किंवा जास्तच. कड्या आणि माउंट शंभर ते दोनशे. पट्टा शंभर-दीडशे. .३०८ हे शिकारीतलं नेहमीचं काडतूस घेतलं तर एक नग साधारण चोवीस-पंचवीस ग्रॅमचा, म्हणजे मॅगझिनमध्ये चार-पाच घातली की आणखी शंभर-सव्वाशे. कोणी दस्त्यावर जादा काडतुसांची पट्टी बांधतो, कोणी पुढे दोन पायांचं टेकण लावतो. अडीच किलोंची रायफल घरातून बाहेर पडताना साडेतीनची झालेली असते. टायटॅनियमच्या बोल्टसाठी जादा पैसे मोजून सत्तर-ऐंशी ग्रॅम वाचवणारे आणि त्याच रायफलीवर नळकांडं वाटावं असा स्कोप बसवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांना तो स्कोप आवडलेला असतो.

वजन कुठून काढायचं याला खरं तर तीनच जागा आहेत: दस्ता, नळी आणि मधला लोखंडी गाभा, ज्यात बोल्ट सरकतो. अक्रोडाचा दस्ता किलोभराचा असू शकतो. केव्हलार (एक चिवट कृत्रिम धागा) किंवा कार्बनचा चांगला दस्ता त्याच्या निम्म्यात येतो. शिवाय लाकूड पाणी पितं, फुगतं, नळीला कुठेतरी टेकतं आणि नेम हलतो. हे दस्ते तसं करत नाहीत. स्वस्तातला प्लास्टिकचा दस्ता मात्र दिसतो हलका, पण काट्यावर ठेवला की लाकडाच्या जवळपासच जातो, आणि पट्टा ताणून नेम धरला तर त्याचा पुढचा भाग वाकून नळीला लागतो. या बाबतीत मला मेल्विन फोर्ब्स या अमेरिकन कारागिराचं काम फार आवडतं. वेस्ट व्हर्जिनियात १९८५ साली त्याने स्वतःची छोटी कंपनी काढली. तोवर हलकी रायफल करायची म्हणजे नेहमीच्या रायफलीला भोकं पाडायची, खाचा कोरायच्या, नळी किसून बारीक करायची, असा रिवाज होता. फोर्ब्सने उलट्या बाजूने सुरुवात केली. काडतुसाच्या लांबीला पुरेल एवढाच गाभा मुळात लहान बनवला, आणि केव्हलार-ग्राफाइटचा दस्ता एका पौंडाच्या, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमच्या घरात आणला. त्यामुळे नळीवर सुरी चालवायची त्याला फारशी गरज उरली नाही. त्याच्या रायफली स्कोपशिवाय अडीच किलोंच्या आत बसायच्या आणि तरीही चांगल्या मारायच्या, याचं लोकांना तेव्हा नवल वाटलं होतं.

नळीवर सुरी चालवली की काय होतं ते कुठल्याही बारीक नळीच्या रायफलीतून पाठोपाठ आठ-दहा बार काढून बघावं. पहिले तीन एकत्र, चौथा थोडा वर, सहावा तिसरीकडेच. पातळ पोलाद लवकर तापतं आणि तापलं की आतले ताण मोकळे होऊन नळी किंचित कलते. शिकाऱ्याला याचं फार वाईट वाटायचं कारण नाही, कारण त्याचा खरा बार थंड नळीतूनच निघतो आणि बहुतेक वेळा एकच असतो. पण सराव करणाऱ्याला याचा कंटाळा येतो. तीन बार काढा, नळी गार होईपर्यंत थांबा, परत तीन काढा. पोलादाच्या पातळ नळीभोवती कार्बनचे धागे गुंडाळलेल्या नळ्या हल्ली सगळीकडे दिसतात. त्या जाड नळीसारख्या ताठ असतात आणि जाड नळीपेक्षा हलक्या असतात, हे खरं. पण सर्वांत बारीक साध्या पोलादी नळीपेक्षा त्या हलक्या नसतात, बऱ्याचदा थोड्या जडच भरतात. हे विकणारा आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

हलक्या रायफलीचं वेड काही आजचं नाही. आल्प्सच्या कड्यांवर शॅम्वाची, म्हणजे तिथल्या डोंगरी बकऱ्याची शिकार करणारे पिढ्यान्‌पिढ्या किपलाउफ वापरत आले आहेत. मधोमध मोडून उघडायची, एकाच काडतुसाची रायफल. बोल्ट नाही, मॅगझिन नाही, त्यामुळे वजन कमी आणि नळी पुरेशी लांब ठेवूनही एकूण लांबी आटोपशीर. एकच काडतूस असल्याने बार काढायची घाईही होत नसावी, असं मला उगीच वाटतं. ऑस्ट्रियात १९०३ साली आलेली मानलिखर-शोनाउअर कार्बाइन बघावी: साडेसहा मिलिमीटरचं काडतूस, जेमतेम पंचेचाळीस सेंटिमीटरची नळी, थेट तोंडापर्यंत पोहोचणारा लाकडी दस्ता. हातात घेतल्यावर ती रायफल आहे हे विसरायला होतं. अमेरिकेत विंचेस्टर कंपनीने आपल्या मॉडेल ७० रायफलीची फेदरवेट, म्हणजे हलकी, आवृत्ती १९५२ साली काढली, आणि त्याच वर्षी .३०८ हे आखूड काडतूसही बाजारात आणलं. ही जोडी मला फार बोलकी वाटते. आधीच्या .३०-०६ या काडतुसाचं पितळी कवच ६३ मिलिमीटरचं, .३०८ चं ५१. चांगल्या दारूमुळे तेवढ्यात जवळपास तेच काम होऊ लागलं होतं.

आणि मग कर्नल जेफ कूपर, नेमबाजी शिकवणारा अमेरिकन. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने "स्काउट" रायफलीची कल्पना मांडली: लांबी एक मीटरच्या आत, वजन स्कोप आणि पट्ट्यासकट तीन किलो, फार तर साडेतीन. ऑस्ट्रियाच्या स्टायर कंपनीने तशी रायफल प्रत्यक्षात आणायला १९९८ उजाडलं. कूपरच्या बाकीच्या मतांशी माझं जमत नाही, पण त्याने मोजमाप सगळ्या साजासकट केलं, रिकाम्या रायफलीचं केलं नाही, एवढ्यासाठी त्याला सलाम.

जुन्या शिकाऱ्यांमध्ये हलक्या रायफलीचा सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे डब्ल्यू. डी. एम. बेल. आफ्रिकेत त्याने हजाराहून जास्त हत्ती मारले, आणि त्यांतले बरेचसे ७×५७ सारख्या लहान काडतुसाने, जे आज लोक हरणासाठी "थोडं कमीच" म्हणतात. तो हत्तींच्या मागावर अफाट चालायचा, म्हणून त्याला जड दुनळी नको होती. ती संख्या वाचताना मला मळमळतं, हे सांगायलाच हवं. त्या काळाचा हिशोब त्या काळापाशी ठेवूनही मळमळतं. पण हलक्या रायफलीची तरफदारी करायला लोक बेलचं नाव घेतात तेव्हा त्याचा अर्धा भाग गाळतात. तो हत्तींच्या कवट्या करवतीने कापून मेंदू नेमका कुठे बसतो ते बघायचा, कुठल्या कोनातून गोळी कुठून जाईल ते ठरवायचा, आणि रिकामी रायफल खांद्याला लावून चाप ओढायचा सराव चालता चालता सतत करायचा. त्याचं हलकं काडतूस त्या सरावावर उभं होतं.

आपल्याला जवळचा दुसरा साक्षीदार जिम कॉर्बेट. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युइट यांनी त्याला रिग्बी या इंग्रजी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. काडतूस तेच, बेलचं ७×५७, फक्त विलायती नावाने. १९३० साली चौगडची वाघीण त्याला एका कातळामागे हाताच्या अंतरावर म्हणावी इतक्या जवळ भेटली, तेव्हा त्याच्या डाव्या हातात रातवा पक्ष्याची दोन अंडी होती आणि उजव्या हातात ही रायफल. त्याने एका हाताने, तिची नजर हलणार नाही इतक्या सावकाश, नळी जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरवली आणि बार काढला. त्या क्षणी हातात चार-पाच किलोंची दुनळी असती तर काय झालं असतं, हा विचार मी अनेकदा करतो. मनगटाने किती वेळ साथ दिली असती? तरीही या प्रसंगावरून रायफल निवडू नये. तशी वेळ येणाऱ्याचं नाव कॉर्बेट असावं लागतं.

आता धक्क्याकडे येऊ, कारण मित्राने खांदा चोळला होता तो उगाच नाही. गोळी आणि जळलेल्या दारूचा वायू पुढे जितक्या जोराने जातो तितक्याच जोराने रायफल मागे येते. जोर तोच, वजन कमी, म्हणून वेग जास्त. .३०८ ची साधारण दहा ग्रॅमची गोळी घेऊन ढोबळ हिशोब केला तर ३.६ किलोंची रायफल सुमारे २० जूल ऊर्जेने खांद्यावर येते. तीच २.७ किलोंची केली की २७ जूल. पाव वजन काढलं आणि धक्का तिसऱ्या हिश्श्याने वाढला. नुसती ऊर्जाच नव्हे, रायफल मागे येण्याचा वेगही सेकंदाला सव्वातीन मीटरवरून साडेचारच्या आसपास जातो, आणि शरीराला झोंबतो तो हा वेग. दांडगा धक्का आणि झटका यांतला फरक खांद्याला बरोबर कळतो. आता त्याच २.७ किलोंच्या रायफलीत .३०० विंचेस्टर मॅग्नम हे जास्त दारूचं काडतूस घालून बघा. पन्नास जूलच्या पुढे. डोंगरात लांबून मारावं लागतं म्हणून लोक हेच काडतूस हलक्या रायफलीत मागतात, आणि वर ती आटोपशीर व्हावी म्हणून नळी आखूड करतात. मॅग्नममधली सावकाश जळणारी दारू आखूड नळीत पुरती कामी येण्याआधीच गोळी बाहेर पडते. उरलेली दारू नळीच्या तोंडाशी जाळ आणि आवाज बनून वाया जाते. म्हणजे धक्का पूर्ण खायचा, वेग अर्धवट घ्यायचा. हा सौदा मला कधीच कळला नाही.

धक्क्याने खांदा मोडत नाही. दोन दिवस काळानिळा राहतो, बस्स. मोडतं ते मन. चाप दाबण्याआधीच्या क्षणात डोळे मिटायला लागतात, खांदा पुढे येऊन धक्क्याला भेटायला जातो, बोट दाबण्याऐवजी झटका देतं. हे स्वतःला कधीच दिसत नाही. सोबत्याने न सांगता रिकामं काडतूस भरून दिलं की दिसतं: बार होत नाही, आणि नळीचं तोंड मात्र खाली मुरगळतं. बेंचवर तीन बार तीन मिनिटं मन घट्ट करून कोणीही काढू शकतो. पण दहाव्या बाराला शरीर आपला हिशोब मागतं, आणि तो मागू नये म्हणून माणूस दहावा बार काढतच नाही.

आधी काडतूस लहान करावं, मग रायफल हलकी करावी.

एवढं एकच मला या सगळ्या शोधात खात्रीने कळलं असं म्हणता येईल. ७ एमएम-०८ हे १९८० पासून आहे, ६.५ क्रीडमूर २००७ पासून, आणि स्वीडिश ६.५×५५ तर १८९४ पासून. हरणाएवढ्या सावजाला अडीचशे मीटरपर्यंत यांतलं कुठलंही पुरतं. २.७ किलोंच्या रायफलीत क्रीडमूरचा धक्का चोवीस जूलच्या आसपास राहतो, .२४३ या आणखी हलक्या गोळीच्या काडतुसाचा अठरा-एकोणीसच्या. म्हणजे हलक्या रायफलीतलं .२४३ हे जड रायफलीतल्या .३०८ पेक्षाही खांद्याला सौम्य. नळीच्या तोंडाला ब्रेक बसवून धक्का कमी करता येतो असं कोणी तरी म्हणतंच. येतो, पण तोच वायू बाजूला फेकला जातो आणि आवाज शेजारच्याच्या कानात जातो. रायफलीचा आवाज मुळातच १६० डेसिबलच्या घरात, आणि १४० च्या पुढच्या एका ठोक्यानेही कानाला इजा होऊ शकते. शिकारीत कानावर मफ नसतात, पुष्कळदा शेजारी सोबती असतो. जिथे सायलेन्सरला परवानगी आहे तिथे तो बरा. धक्काही कमी, आवाजही. पण त्याचं तीन-चारशे ग्रॅम वजन नेमकं टोकाला लटकतं, आणि आपण वाचवलेलं वजन दुसऱ्या दाराने घरात येतं.

टोकाला थोडं वजन असणं मात्र मला आता आवडू लागलं आहे. मित्राची ती रायफल उभ्याने खांद्याला लावून बघितली तेव्हा स्कोपमधली रेघ माझ्या नाडीबरोबर उडत होती. हृदयाचा ठोका, श्वास, वारा, सगळ्यांना ती लगेच होकार देत होती. जड रायफल आळशी असते, आपल्या थरथरीकडे दुर्लक्ष करते, आणि तो आळस उभ्याने मारताना कामाला येतो. त्यातही वजन कुठे आहे याला महत्त्व आहे. दस्ता फार हलका आणि नळी बेताची असेल तर तोल किंचित पुढे जातो आणि नेम धरताना नळी डुलत नाही. म्हणून वजन काढायचं तर ते दस्त्यातून, गाभ्यातून, स्कोपमधून काढावं आणि नळीला शक्यतो सोडून द्यावं, असं माझं मत झालं आहे. नळी अडीच सेंटिमीटर आखूड केली तर .३०८ चा वेग सेकंदाला सात-आठ मीटरनेच घटतो, ते परवडतं. बारीक केलेली नळी मला परवडत नाही. चापाचंही तसंच आहे. साडेचार किलोंच्या रायफलीवर दाबायला दोन किलोंचा जोर लागणारा चाप खपून जातो. अडीच किलोंच्या रायफलीवर तोच चाप दाबायला गेलं की रायफलच बोटाबरोबर निघते. एक-सव्वा किलोंच्या जोरावर स्वच्छ सुटणारा चाप हवा, आणि थंडीने बधिर झालेल्या बोटालाही तो कळला पाहिजे. आणखी एक: बेंचवर हलकी रायफल पिशवीवर नुसती ठेवून मारू नये. पुढचा हात दस्त्यावर घट्ट असू द्यावा, नाहीतर ती गोळी नळीत असतानाच उडी घेते आणि भोकं विखुरतात. लोक मग नळीला दोष देतात.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट सारखी आड येते, ती म्हणजे दुसऱ्या टोकाला उभं असलेलं जनावर. आपण ग्रॅम मोजतो, जूल मोजतो, आणि ते चरत असतं. हरणाच्या छातीतली मर्माची जागा पंधरा-वीस सेंटिमीटरची. तिथे गोळी गेली तर ते काही पावलांत पडतं. हातभर मागे गेली तर ते पोट फाटलेल्या अवस्थेत तासन्‌तास जगतं, आणि माग निघाला नाही तर रात्रभर. रायफल वाहायला सोपी झाली याचं सुख माझ्या खांद्याला, आणि ती चालवायला अवघड झाली याची किंमत त्याच्या पोटाला. शिकार करणाऱ्याने स्वतःला दयाळू म्हणवून घेऊ नये हे मला कळतं. शिकार का करतो याचं मला पटेल असं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे ते तयार असतं त्यांची मला थोडी भीतीच वाटते. पण करायचीच असेल तर निदान हा हिशोब उलटा लागू नये. नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकारीला जाण्याआधी दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते: शंभर मीटरवर तीस सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात पाच गोळ्या. परीक्षा अवघड नाही. पण तिच्यामुळे प्रत्येकाला वर्षातून एकदा तरी आपल्या रायफलीशी समोरासमोर बसावं लागतं, "उगाच कशाला" म्हणता येत नाही. मला असं कोणीतरी बसवणारं असावं असं वाटतं.

शेवटी मी जी ठरवली आहे ती मित्राच्या रायफलीपुढे ठोंब्या दिसेल. ७ एमएम-०८. आखूड काडतुसाचा आखूड गाभा, पण पोलादाचाच. केव्हलारचा दस्ता, मागे जाड आणि मऊ रबराचा पॅड. पंचावन्न सेंटिमीटरची नळी, फार बारीक नाही. २ ते ७ पटीचा लहान स्कोप, साध्या कड्यांवर. सगळ्या साजासकट तीन किलो तीनशे-चारशे ग्रॅम. मित्र म्हणाला, "अरे, मग हलकी कसली ही?" मी त्याला म्हटलं, जुनीपेक्षा किलोभराने हलकी आहे आणि मला एवढंच हवं होतं. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. दोन मुद्द्यांवर आमचं अजून चाललंय: तो म्हणतो मॅगझिन बाहेर निघणारं घे, भरायला-रिकामं करायला सोपं, मला तळाशी बंद असलेलं हवं, कारण बाहेर निघणारी वस्तू डोंगरात कधीतरी बाहेर पडतेच. आणि पट्टा. रुंद पट्टा खांद्याला बरा, पण नेम धरताना हाताला गुंडाळायला अरुंदच सोयीचा. दोन्ही मागवणार आहे. दस्त्याची लांबी तेवढी राहिली. कारागीर म्हणतो माप घेऊन टाकू, पण मी थांबवलं आहे; जाड स्वेटर आणि त्यावर कोट चढवून रायफल खांद्याला लावली की दस्ता बोटभर लांब वाटायला लागतो, आणि ते माप घ्यायला थंडी पडायला हवी.